भासाचा रकाना

“मन्या, डावा हात गाठ मारंना झालाय.”

आण्णा हे बोलला ते मला ऐकू आलं नाही, दिसलं. बावीस माग एकदम धडधडत असतात तेव्हा शेडमध्ये शेजारच्या माणसाची शिंकसुद्धा ऐकू येत नाही. आम्ही इचलकरंजीचे मागवाले ओठांवरनं बोलणं वाचतो. लहानपणापासनं तीच सवय. त्यामुळं ऐकण्यात चूक झाली असं म्हणायची सोय मला नाही. शब्दन् शब्द कळला होता.

मंगळवार, सकाळचे अकरा वाजले असतील. आमचं घर शेडच्या पाठीमागंच, दोन खोल्यांचं. आण्णा सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत बसून कांड्या भरायचा. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात सुताचं जे छोटं रीळ बसवतात ती कांडी. भरलेल्या कांड्यांची बुट्टी घेऊन तो दिवसातनं पाच-सहा खेपा शेडमध्ये यायचा. त्या दिवशी बुट्टी अर्धीच होती आणि ती त्यानं उजव्या बगलेत दाबून धरली होती.

मी हातानं खूण केली, नंतर बोलू. तो हलला नाही. डावा हात माझ्या तोंडापुढं धरून त्यानं बोटं उघडली, मिटली, उघडली. कपाळ घामानं निथळत होतं. शेडमध्ये कुणाचं निथळत नाही?

“सूत ओढाय लागल्यात,” तो म्हणाला. “आज लई जोरात.”

झालं. हे ऐकलं की माझे कान बंद व्हायचे. अकरा वर्षं तेच ऐकत होतो. मी बुट्टी घेतली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मागाकडं वळलो. तो बराच वेळ तिथंच उभा होता, असं पलीकडच्या मागावरच्या महादेवनं नंतर सांगितलं.

आण्णा, म्हणजे सिद्राम, माझा थोरला भाऊ. दोन वर्षांनी थोरला. आमच्या गल्लीत त्याच्यासारखा कारागीर नव्हता, हे भाऊ म्हणून सांगत नाही. चार माग एकटा सांभाळायचा आणि वर शीळ घालायचा. सूत तुटलं की दोन टोकं डाव्या चिमटीत एकावर एक धरायची, उजव्या हातानं फेरा द्यायचा, ओढायचं. मला तीन-चार सेकंद लागायची. आण्णाचं बघता बघता झालेलं असायचं. कापडावर बोट फिरवून त्याची गाठ कुणी शोधून दाखवावी. व्यापारी यायचे ते विचारायचे, “हे सिद्रामच्या मागाचं न्हवं?”

तिसाव्या वर्षी तो बिघडला. आधी झोप गेली, मग जेवण गेलं. मग एक दिवस मागावरनं बाजूला होऊन तो शर्टाची बटणं उघडून उभा राहिला आणि म्हणाला, मोठ्या गिरणीवाले माझ्या छातीतनं सूत काढून घ्यायला लागल्यात, गावातल्या समद्या मागांवर माझंच सूत चाललंय. त्याची बायको दोन महिन्यांत माहेरी गेली ती गेलीच. तिला मी नावं ठेवत नाही. चोवीस वर्षांची होती.

सूत ओढायला लागलं की आण्णा छातीपुढं हवेतच दोन टोकं धरायचा, फेरा द्यायचा, गाठ मारायचा. मग ओढणं थांबायचं. पहिल्यांदा दवाखान्यात ठेवला तेव्हा पाय खाटेला बांधले होते, इंजेक्शनानं मान लटकत होती, तोंडातनं लाळ गळत होती आणि छातीवर दोन्ही हातांचं काम चालू होतं. चिमटी, फेरा, ओढ. मी पायथ्याशी उभा राहून बघितलंय.

आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. सांगलीचे कुलगुडे डॉक्टर दर महिन्याला बघायचे. भला माणूस. त्यांनीच मला ती वही दिली. पट्टीनं पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडं लिहिलं, जेवण, झोप, गोळ्या. उजवीकडं लिहिलं, भास. म्हणाले, “तो जे जे बोलेल ते इकडे लिहीत जा. मला डोस ठरवायला बरं पडतं. आणि त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याच्या बोलण्याला खतपाणीही घालायचं नाही. फक्त लिहायचं.”

मी सातवी नापास. पण अक्षर मोत्यासारखं. अकरा वर्षांत पाच वह्या भरल्या. कुलगुडे डॉक्टर शिकाऊ पोरांना बोलवून माझी वही दाखवायचे, “नातेवाईक असे हवेत.” मी फुगायचो. बाहेर आल्यावर आण्णाला चहा पाजायचो.

आण्णा सांगलीच्या त्या दवाखान्यात गेला की एकाच जागी थबकायचा. मानसिक विभाग एकदम टोकाला. तिकडं जाताना दुसरा विभाग लागायचा. तिथं बाकावर माणसं ओळीनं बसलेली असायची आणि नर्स एकेकाच्या दंडाला पट्टा बांधून फुगा दाबत असायची.

“मन्या, मला बी पट्टा बांधाय सांग की.”

पहिल्या वर्षी मी खरंच सांगितलं. नर्स म्हणाली, तुमचा विभाग पुढं आहे. कुलगुडे डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. “त्या पट्ट्याबद्दल त्याला काय वाटतं ते विचार आणि लिहून ठेव.” मी विचारलं. आण्णा म्हणाला, “काय वाटायचंय? समद्यास्नी बांधत्यात, मला न्हाई बांधत.” मी लिहून ठेवलं. उजवीकडं.

मंगळवारी दुपारी जेवायला घरी गेलो. आण्णा कांडीच्या मशिनपुढं बसला होता, मशिन बंद. गोळ्यांनी त्याचं पोट मागच्या काही वर्षांत मडक्यासारखं सुटलं होतं, त्यावर डावा हात दुसऱ्याचा असल्यासारखा ठेवला होता. माझी बायको रत्ना ताट घेऊन त्याच्यापुढं बसली होती.

“भावजी, दोन घास खावा की. झुणका केलाय, तुमच्या आवडीचा.”

“नगं.”

“बिडी तरी वढलीसा का सकाळधरनं?”

“नगं वाटती.”

रत्नानं माझ्याकडं बघितलं. दिवसाला दोन कट्टे बिडी ओढणारा माणूस नको म्हणतो. “अवो, ह्यांचं कायतर दुखतंय.”

“काय दुखतंय रे आण्णा?”

“छाती. हितनं,” त्यानं उजव्या हातानं दाखवलं, “हितवर. आन् जबडा. सूत जबड्यातनं बी ओढाय लागल्यात आता.”

“गोळी घेतलीस सकाळची?”

“घेतली.”

“बघू जीभ.”

त्यानं जीभ दाखवली. एक्केचाळीस वर्षांचा थोरला भाऊ, धाकट्याला जीभ दाखवतोय. तेव्हा मला त्यात काही वाटायचं नाही.

मी वही काढली. ते पान आजही माझ्याकडं आहे. डावीकडं: जेवण नाही. झोप कमी. गोळी घेतली. उजवीकडं: सूत ओढतात म्हणतो, जोर वाढला. आता जबड्यातूनही ओढतात. डावा हात गाठ मारत नाही म्हणतो.

रत्ना खांद्यावरनं वाचत होती. “हातात कळ हाय म्हणत्यात. ते भासात कशाला लिवताय?”

“मग कुठं लिहू?”

“हिकडं लिवा की.” तिनं डाव्या बाजूला बोट ठेवलं.

“तिकडं जेवण, झोप आन् गोळ्या.”

“मग पान वाढवा. माझ्या आत्याच्या मालकास्नी असंच झालं हुतं, जबडा धरून बसलेलं. चांगल्या डाक्टरला दावूया.”

“तू डॉक्टर हायस? गुरुवारी सांगलीची तारीख हाय. दोन दिवसांवर आलीय.”

“आवो पर...”

“गप बस. अकरा वर्षं मी बघतोय त्याला. तुला काय कळतंय त्यातलं?”

आण्णा आम्हा दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता. मग तो माझ्याकडं बघून म्हणाला, “भांडू नगासा. बरं हाय मला.” आणि ताट पुढं ओढून झुणका-भाकरीचे चार घास खाल्ले. आमचं भांडण मिटावं म्हणून. मी डावीकडचं ‘जेवण नाही’ खोडून ‘थोडं जेवला’ केलं.

बुधवारी दुपारी एकच्या सुमाराला रत्ना शेडमध्ये पळत आली. ओठांवरनं मला एवढंच कळलं, “चला, चला.” घरात आण्णा उंबऱ्याशी बसला होता. ओकला होता. चेहरा राखेसारखा झालेला आणि शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. उजव्या हातानं तो हवेत छातीपुढचं काहीतरी धरत होता आणि डाव्या हातानं दुसरं टोक धरायचा प्रयत्न करत होता. डावा हात वर येईना. येईना म्हणून तो ओरडत होता.

“मन्या, गाठ मार! मला जमंना, तू मार! तोड न्हाईतर! समदं सूत चाललं!”

गल्ली जमली. आण्णा ओरडला की गल्ली जमायचीच, फुकटचा तमाशा. मी रिक्षा आणली. रिक्षावाल्यानं आत बघितलं आणि मला विचारलं, “चावत न्हाई न्हवं?”

मी हसलो. खोटं कशाला सांगू? लोकांपुढं लाज वाटत होती म्हणून हसलो.

चौकापलीकडच्या दवाखान्यात नेला. निघताना मी एक काम केलं ते सांगतो. कपाटावरनं आण्णाची जाडजूड फाईल घेतली, वही घेतली, दोन्ही पिशवीत घातलं. आजाऱ्याला न्यायचं तर कागद बरोबर पाहिजेत, हे मला अकरा वर्षांत चांगलं कळलं होतं. रत्ना रिक्षात बसायला लागली तर तिला म्हणालो, तू कशाला, गर्दी नको.

तपासणीच्या खोलीत तरणा डॉक्टर होता. सव्वीस-सत्तावीसचा असेल. डोळे तारवटलेले, टेबलावर अर्धा वडापाव. आण्णाला खाटेवर बसवला. डॉक्टर स्टेथोस्कोप कानाला लावत आण्णाकडं निघालाच होता. निघाला होता, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्या आधीच मी फाईल टेबलावर ठेवली.

तो थांबला. फाईल उघडली. पहिल्याच पानावर आजाराचं नाव. त्यानं स्टेथोस्कोप कानातनं काढून गळ्यात अडकवला.

“किती वर्षं आहे हे?”

“अकरा.”

“आता काय म्हणतो?”

“छातीतनं सूत ओढतात म्हणतो.” मी वही उघडून पुढं केली. “हे बघा, सगळं लिहिलेलं आहे.”

त्यानं वाचलं. भुवया वर केल्या. “छान लिहिता तुम्ही. गोळ्या चुकल्या असतील.”

“चुकल्या असतील एखाद-दुसऱ्या,” मी म्हणालो. चुकल्या नव्हत्या. पण डॉक्टर म्हणतोय तर चुकल्या असतील, असं मला तिथल्या तिथं वाटायला लागलं.

आण्णानं ओरडणं थांबवलं होतं. भिंतीवर पट्ट्याचं यंत्र टांगलेलं होतं, त्याकडं बघत होता. मग अगदी शहाण्या माणसासारखा, हळू आवाजात म्हणाला, “डाक्टर, तेवढा पट्टा बांधा की.”

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. आण्णाला काय पाहिजे ते माझ्याकडं बघून ठरवायचं असतं ना.

आणि मी म्हणालो, “त्याला ती सवयच हाय. कुठंबी गेला तरी पट्टा मागतो.”

डॉक्टर हसला. मीही हसलो. दुसऱ्यांदा.

“शांत करायचं इंजेक्शन देतो. झोपेल. उद्या सांगलीला दाखवा, डोस वाढवतील. हात धरा त्याचे.”

मी आण्णाचे हात धरले. तो झटापट करेल असं वाटलं होतं, नेहमी करायचा. त्या दिवशी केली नाही. डावा हात माझ्या मुठीत थंडगार होता, पाण्यातनं काढलेल्या फडक्यासारखा. मला जाणवला तो गारठा. मी मनात म्हटलं, घाम आलाय.

“मन्या,” तो म्हणाला, “घट्ट धर. सुटंल.”

परत येताना रिक्षात त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. घरी आणून सोप्यात चटईवर झोपवला. रत्नानं विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हणालो, “काय न्हाई, त्याचं नेहमीचंच.” तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि उशाशी बसली. मी शेडमध्ये गेलो. दोन माग उभे होते, चालू केले.

साडेचारला लाईट गेली. बावीस माग एकदम थांबले. आमच्या गावात लाईट गेली की कानाला दडे बसल्यासारखं होतं, इतकं शांत. पार पलीकडच्या गल्लीतलं पोर रडतंय ते ऐकू येतं. त्या शांततेत मला पहिल्यांदा कावळा ऐकू आला. आणि मग घरातनं रत्नाचा आवाज. ती हाक मारत नव्हती. नुसतं म्हणत होती, “भावजी. अवो भावजी. अवो.”

मागांच्या आवाजात तिला कळलंच नव्हतं, तो कधी घोरायचा थांबला ते.

लोक आले. प्रत्येकानं एकच शब्द उच्चारला. सुटला. चुलत्यानं म्हटलं, गल्लीनं म्हटलं, तिरडी बांधणाऱ्यांनी म्हटलं. एक म्हातारी तर माझ्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, “तो बी सुटला, तुमी बी सुटलासा.” मी मान हलवली. आज कुणी म्हणून दाखवावं. दाखल्यावर लिहून आलं, हृदयविकाराचा झटका. वय एक्केचाळीस. बघायला आलेला म्हातारा डॉक्टर सांगून गेला, झटका आदल्या दिवशीच सुरू झाला असणार. “छातीत वगैरे दुखतंय असं काही म्हणाले होते का?”

रत्ना उठून आत गेली.

चौदाव्या दिवशी मी मागावर उभा राहिलो. कांड्यांची बुट्टी कोपऱ्यात तशीच होती, मंगळवारची, अर्धी. त्यातली एक धोट्यात घातली, माग चालू केला. पाच मिनिटांत सूत तुटलं. माग थांबला. मी टोक शोधलं आणि बोटाला खडा लागल्यासारखं झालं. कांडी भरताना सूत तुटलं की मारतात ती गाठ होती. मोहरीएवढी. वेडीवाकडी, दातानं आवळलेली. सुतावर दातांचे वण दिसत होते. त्या गाठीपाशीच सूत तुटलं होतं.

दुसरी कांडी उलगडली. तशीच गाठ. तिसरीत तशीच.

आण्णाची गाठ कधी तुटली नव्हती. चांगला होता तेव्हा नाही, बिघडला तेव्हा नाही. माणसं ओळखत नव्हता त्या दिवसांत भरलेल्या कांड्या मी वापरल्यात. देव, भूत, गिरणीवाले सगळे त्याच्या डोक्यात एकदम बोलत असायचे आणि बोटं आपलं काम करत असायची. सूत ओढतात हे तो अकरा वर्षं सांगत होता. हात गाठ मारत नाही, हे त्यानं जन्मात पहिल्यांदा सांगितलं होतं. त्यासाठी कांडीचं मशिन सोडून शेडमध्ये चालत आला होता. ओठ हलवून, हात दाखवून सांगितलं होतं. डॉक्टरला नाही, रत्नाला नाही. ज्याला कळेल त्याला.

मी माग बंद केला. महादेवनं खुणेनं विचारलं, काय झालं? मी बुट्टीशेजारी खाली बसलो आणि बोंबललो. बावीस मागांत कुणाला ऐकू गेलं नाही, ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सांगलीला गेलो. वही, कांडी आणि आण्णाची ती गाठ घेऊन. कुलगुडे डॉक्टरांपुढं त्या दिवशी साठ माणसं होती. मला बघून म्हणाले, “अरे, मागच्या तारखेला आला नाहीत. सिद्राम कुठे आहे?”

“गेला. बुधवारी, दोन आठवडे झाले. हार्ट.”

त्यांनी चष्मा काढला. खरंच वाईट वाटलं त्यांना, मी नाकारत नाही. “अरेरे. होतं असं या आजारात. ही माणसं आपल्यापेक्षा पंधरा-वीस वर्षं आधीच जातात. लोकांना वाटतं जीव देतात म्हणून. काही देतातही. पण जास्त करून हार्ट, शुगर, फुप्फुसं. गोळ्यांनी वजन वाढतं, बिड्या सुटत नाहीत...”

“हे तुमास्नी कवापास्नं म्हाईत हाय?”

“म्हणजे?”

“पंधरा-वीस वर्षं आधी जात्यात, हे.”

“ते पुस्तकातच आहे. सगळ्यांना माहीत असतं.”

“मला न्हवतं म्हाईत. आण्णाला न्हवतं म्हाईत. अकरा वर्षं दर महिन्याला आमी हितं आलोय आन् त्याला एकदा बी कुणी पट्टा बांधला न्हाई.”

“तो विभाग वेगळा...”

“चाळीस पावलांवर हाय. आत्ता मोजून आलोय.”

दारातला शिपाई आत आला. डॉक्टरांनी हातानं त्याला थांबवलं. मी वही उघडून मंगळवारच्या पानावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. परत वाचलं.

“ही गाठ म्हणजे...?”

मी खिशातनं कांडी काढली. सूत तोडलं, डाव्या चिमटीत दोन टोकं धरली, फेरा दिला, ओढलं. त्यांच्या टेबलावर ठेवलं. मग आण्णाची गाठ शेजारी ठेवली, दातानं मारलेली.

“तुमास्नी हे कळणार न्हवतं,” मी म्हणालो. “तुमचा राग न्हाई ह्या बाबतीत. मला कळाय पायजे हुतं. मी विणकर हाय. मी ते भासात लिवलं.”

शिपाई दारात घुटमळत होता, बाहेर माणसं खोकत होती. मी आण्णाची गाठ उचलून खिशात ठेवली आणि बाहेर आलो.

याला आता एकोणीस वर्षं झाली. आज मी माझ्या थोरल्या भावापेक्षा सतरा वर्षांनी थोरला आहे. माझा रक्तदाब गेली आठ वर्षं दर महिन्याला कुणीतरी मोजतं. पट्टा फुगला की मी खाली बघतो.

पण त्या दिवशी बाहेर आलो आणि बाकावर बसलो. शेजारी एक बाई, तिच्या पलीकडं तिचा मुलगा. तिशी-पस्तिशीचा असेल, गोळ्यांनी सुजलेला, नखं पिवळी. तो गुडघे हलवत तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. आवाज अजिबात नव्हता, नुसते ओठ. मी बघत होतो म्हणून बाई ओशाळली.

“लक्ष देऊ नका हो. त्याचं असंच चालू असतं दिवसभर. काही अर्थ नसतो त्याला.”

पण मी मागवाला. ओठ हलले की मला वाचावंच लागतं. रेडिओ म्हणत होता, पोलीस म्हणत होता, कुणा मावशीनं विष घातलं म्हणत होता. मग परत रेडिओ. आणि मधेच, त्याच दमात, तसाच गुडघा हलवत: जिना चढलो की हितं कुणीतर दगड ठेवतंय. मग पोलीस. मग परत: जिना चढलो की.

माझ्या मांडीवर वही होती. नवं पान उघडलं गेलं होतं, मधली रेघ न मारलेलं. पाच वह्यांत, अकरा वर्षांत, मी आण्णाला एक प्रश्न एकदाही विचारला नव्हता. कुणीही दुखतंय म्हटलं की कुठलाही वैद्य, कुठलीही शेजारीण पहिला तोच प्रश्न विचारते.

मी उठून त्या मुलापुढं उकिडवा बसलो. त्याच्या तोंडापुढं तोंड नेलं.

“कवापास्नं?” मी म्हणालो. “दगड कवापास्नं ठेवत्यात?”

त्याचे ओठ थांबले. गुडघाही थांबला. त्यानं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“दिवाळीपास्नं,” तो म्हणाला. मोठ्यानं.

मी त्याचा हात धरून उठवला. आई मागनं हाका मारत आली. चाळीस पावलं होती.